भाचीला कला-इतिहास शिकायचाय, सोबत 'सर्जनशील उद्योगांचं व्यवस्थापन'. काय सांगू तिला?

धानाची_बांधी

नमस्कार. तीन वर्षं नुसता वाचत होतो, आज स्वतः धागा काढायची वेळ आली.

आम्ही आरमोरी तालुक्यातले. भाची यंदा कला शाखेतून बारावी झाली. भाऊजींची चार एकर धानाची शेती, आणि गावच्या नाट्यमंडळाचे ते नऊ वर्षांपासून खजिनदार. (पगार शून्य, शिव्या भरपूर.) घरात तीन मतं होती. ताई म्हणते नर्सिंग, भाऊजी म्हणतात पोलीस भरती, आजी म्हणते लग्न. पोरीनं चौथंच काढलं. मोबाइलवर इंग्लंडातल्या एका विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी दाखवली, त्यात अर्धा कलेचा इतिहास आणि अर्धं 'सर्जनशील उद्योगांचं व्यवस्थापन'. मी म्हटलं, हे काय असतं बापा? तर म्हणे, "मामा, मूर्ती कशी वाचायची तेही शिकायचं आणि नाटक, संग्रहालय, प्रकाशन, सिनेमा हे धंदे कसे चालतात तेही."

माझं कृषी केंद्र आहे. युरियाच्या बॅगेवरचं मला वाचता येतं, देवळावरचं येत नाही. म्हणून विचारतो. हे दोन विषय जोडीनं शिकण्यात काही अर्थ आहे का? परदेश आमच्या ऐपतीत नाही, ते मलाही दिसतंय. पण इथं असं काही मिळतं का? आणि शिकून पोट भरेल का? तिला 'नाही' म्हणायचं असेल तर निदान कारण तरी माझ्याजवळ असावं.

तर्री_पोहा

कला, त्यात इतिहास. दुष्काळात तेरावा महिना. आणि व्यवस्थापन म्हणजे त्या तेराव्या महिन्याचं बजेट!

संगणकी_किडा

राग मानू नका, स्पष्ट लिहितो. खेड्यातल्या मुलीला पहिली पदवी पोटापाण्याची हवी. छंद नंतर. शिल्पं, चित्रं रविवारीही बघता येतात.

तर्री_पोहा

@किडा, गडचिरोलीत रविवारी बघाले संग्रहालय कुठं आहे ते सांग ना बे आधी.

रंगपेटी

मी काही सल्ला देणार नाही, फक्त माझं सांगते. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, लहानपणापासून चित्रकला, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला 'अ' श्रेणी, मग एटीडी (कलाशिक्षकाची पदविका). कलाशिक्षिका व्हायचं होतं. पाच वर्षं एका विनाअनुदानित शाळेत राबले, पगार कधी दिवाळीला, कधी नाहीच. आता लग्नाचे फलक, रुखवताचं सामान, रांगोळीचे वर्ग असं सगळं करते. बरं चाललंय.

पण एक सांगू? त्या पदविकेत मला छायाप्रकाश शिकवला, मानवाकृती शिकवली. बिल कसं करायचं हे कोणी शिकवलं नाही. पहिली तीन-चार वर्षं समोरचा म्हणायचा, "ताई, हे तर तुमच्या हातचा मळ आहे, याचे काय पैसे घेता?" आणि मी खरंच घेत नव्हते. त्यामुळे 'व्यवस्थापन' हा शब्द ऐकून ज्यांना हसू येतंय त्यांनी हसावं. मला नाही येत.

धानाची_बांधी

@रंगपेटी ताई, हे मी भाचीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. ताई मात्र म्हणाली, "बघ, म्हणून नर्सिंग."

टेम्सकाठचा_पुसदकर

इथं इंग्लंडात बारा वर्षं आहे. बायको एका लहान संग्रहालयात काम करते, त्यामुळे हा प्रकार जरा जवळून पाहिलाय.

आधी तो 'सर्जनशील उद्योग' काय ते सांगतो. ब्रिटिश सरकारनं १९९८ मध्ये एक पाहणी छापली. तिच्यात जाहिरात, वास्तुरचना, कला आणि जुन्या वस्तूंचा बाजार, हस्तकला, डिझाइन, फॅशन, चित्रपट, संगीत, रंगमंच, प्रकाशन, रेडिओ-टीव्ही असे १३ व्यवसाय एका दावणीला बांधले. तेव्हापासून विद्यापीठांनीही त्याचे अभ्यासक्रम काढले. आणि @संगणकी_किडा, त्या १३ मध्ये सॉफ्टवेअरपण आहे. म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच.

आता कला-इतिहास. लोकांना वाटतं चित्रकारांची नावं आणि सनावळ्या पाठ करायच्या. तसं नसतं. एक वस्तू समोर ठेवतात आणि तासभर तिच्याकडं बघायला लावतात. कशाची केली, कोणी घडवली, पैसे कोणी दिले, कुठं ठेवायला केली, तिथून इथपर्यंत कशी आली. शेवटच्या प्रश्नावर इथल्या संग्रहालयांना घाम फुटतो, कारण अर्धा माल आपल्याकडचा. व्यवस्थापनाच्या बाजूला अंदाजपत्रक, करार, स्वामित्वहक्क, प्रेक्षक कोण आणि तो का येत नाही, अनुदानाचा अर्ज कसा लिहायचा, असं शिकवतात. बायकोच्या नोकरीतला निम्मा वेळ या शेवटच्या कामातच जातो.

आता कडू भाग. परदेशी विद्यार्थ्याची फी स्थानिकांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार कमी, आणि ज्यांचं घरभाडं आईवडील भरतात तीच पोरं सहसा टिकतात. पदवीनंतर राहून नोकरी शोधायची मुदतही आता कमी करतायत. शेत गहाण टाकून या पदवीला पाठवू नका. भाऊ म्हणून सांगतो.

संगणकी_किडा

सॉफ्टवेअर सर्जनशील उद्योग? उद्याच मॅनेजरला सांगतो, पगारवाढ मागताना उपयोगी पडेल.

बाकी तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. मी पण तेच म्हणत होतो.

विटा_आणि_खापरं

मी नागपूर विद्यापीठातून प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व यात एम.ए. केलंय, म्हणून या जोडगोळीवर माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. अर्धा कला-इतिहास म्हणजे अर्धवट कला-इतिहास. ज्याला शिल्प वाचायचं त्याला मूर्तिशास्त्र पाहिजे, थोडं संस्कृत पाहिजे, ब्राह्मी अक्षरं ओळखता आली पाहिजेत, आणि पाय दुखेपर्यंत हिंडलं पाहिजे. त्यातला अर्धा वेळ 'मार्केटिंग'ला दिला तर हाती काय राहणार? प्रदर्शनाचं पोस्टर झकास, आत मूर्तीखाली चुकीचं नाव.

विदर्भात काय कमी आहे? पवनीला स्तूप निघाले. रामटेकजवळ मनसरला वाकाटकांच्या (विदर्भातलं प्राचीन राजघराणं) काळातलं बांधकाम निघालं, तिथला तो बसलेला शिव आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लोणारचं दैत्यसूदन, भद्रावतीची विजासन लेणी, गडचिरोलीतलं मार्कंडा. यातलं एक देऊळ नीट शिकायला दहा वर्षं लागतात. मुलीला आधी ते शिकू द्या. हिशेब काय, कोणालाही येतो.

रंगपेटी

@खापरं, कोणालाही येत नाही. वर लिहिलंय मी.

वत्सगुल्मी

आता मला बोलूच द्या, कारण विषय आमच्या वाशीमवर आलाय आणि कोणाला पत्ताच नाही.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याला १६ नंबरच्या लेण्यात जो शिलालेख आहे तो याच वराहदेवाचा. म्हणजे ज्या अजिंठ्यासाठी जगातून लोक येतात, तिथल्या एका सुंदर लेण्याचा पैसा आमच्या वाशीमच्या दरबारातल्या माणसानं दिला. आज वाशीमच्या बसस्टँडवर उभं राहून दहा जणांना विचारा वराहदेव कोण. अकरावा सांगेल, "प्लॉटिंगवाला का?"

आता @खापरं यांना विचारतो. वराहदेवाची वंशावळ, राजाची स्तुती, लेण्याचं वर्णन हे तुम्ही कला-इतिहास म्हणून वाचता. पण कारागीर किती, छिन्नीला धार लावायला लोहार किती, रंग कुठून आला, भिक्खू राहायला यायच्या आधी काम संपवायचं होतं का, पैसा कुठल्या टप्प्यावर आटला, हे प्रश्न कोणत्या विषयात घालायचे? वॉल्टर स्पिंक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं अख्खं आयुष्य अजिंठ्यात घालवलं. त्यांचं म्हणणं असं की हा दुसरा टप्पा साधारण ४६२ ते ४८० एवढ्याच वर्षांत उरकला आणि हरिषेण मेल्यावर कामं जिथल्या तिथं थांबली. अर्धवट खांब, अर्धवट छत तुम्हीही बघितलं असेल. आमचा एक ठेकेदार मित्र ते बघून म्हणाला होता, "बिल अडकलं वाट्टे."

हा माणूस कला-इतिहासकार की व्यवस्थापक? माझ्या मते त्यानं बरोबर वाचलं.

विटा_आणि_खापरं

ठेकेदार मित्राला नमस्कार सांगा. पण स्पिंक यांचा कालक्रम सगळ्यांना मान्य नाही, हेही लिहायला हवं होतं. एवढ्या थोड्या वर्षांत एवढं काम झालं असेल का यावर अभ्यासकांत वाद आहे. आणि २६ नंबरचं लेणं राजानं नाही, बुद्धभद्र नावाच्या भिक्खूनं करवून घेतलं. सगळंच 'मंत्र्याचं फंडिंग' नव्हतं.

बाकी 'पैसा कोणी दिला' हा प्रश्न कला-इतिहासात आहेच हो. आश्रयदाता हा आमच्याकडं जुना विषय आहे. त्यासाठी वेगळी एमबीए लागत नाही.

वत्सगुल्मी

बुद्धभद्राचं मान्य. पण भिक्खूजवळ एवढा पैसा कुठून आला? आला ना परत हिशेबावर!

तर्री_पोहा

अपूर्ण कामांचा विषय निघालाच आहे तर चंद्रपूरचं लालपेठ घ्या. उघड्यावर पडलेली अवाढव्य दगडी शिल्पं, लोक त्यातल्या एकाला रावण म्हणतात. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्यानं देवळासाठी करून घेतली, तो वारला आणि देऊळ राहिलं, असं सांगतात. म्हणजे विदर्भात प्रकल्प अर्धवट राहायची परंपरा सिंचनाच्याही आधीची.

सावजी_मसाला

अवांतर: लालपेठजवळ कोणी मटणाची चांगली खानावळ सुचवेल का?

तर्री_पोहा

खानावळीत पैसे लावणारा आश्रयदाता कोण, ते आधी सांगा.

संपादक

खाण्याचे प्रतिसाद उडवले आहेत (अकरा होते). मूळ प्रश्न मुलीच्या शिक्षणाचा आहे.

फॉर्म_भरलाय_का

शिष्यवृत्तीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी मिळते. बारावीनंतरच्या पदवीला नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तशीच, वरच्या शिक्षणाची. तिच्यात अनुसूचित जातींबरोबर भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही जागा आहेत. पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यावरचे अभ्यासविषय त्यातून वगळले. म्हणजे कारागिराच्या पोरीनं परदेशी जाऊन बापाच्याच कारागिरीवर संशोधन करायचं म्हटलं तर पंचाईत. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची नियमावली ओळ न ओळ वाचा.

तात्पर्य: परदेशाचा विचार आत्ता नको, पदवीनंतर करा. इथल्या पदवीसाठी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, तिथल्या ललितकला विद्याशाखेत कला-इतिहास पदवीपासून शिकवतात. शांतिनिकेतनच्या कलाभवनातही आहे. फी परदेशाच्या तुलनेत काहीच नाही. मात्र दोन्हीकडं प्रवेशाची स्पर्धा मोठी.

आणि जोडीचं म्हणाल तर २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. एक नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते. म्हणजे नियमित बी.ए. आणि सोबत मुक्त विद्यापीठातून व्यवस्थापन, हे गावाजवळ राहूनही जमतं. परीक्षांच्या तारखा आपटतात का तेवढं आधी विचारा. माझ्या चुलतभावाचे दोन पेपर एकाच दिवशी आले होते, एक बुडाला.

धानाची_बांधी

@फॉर्म, लाखमोलाचं सांगितलं. कारागिराचं वाचून भाऊजी म्हणाले, "आपन ना कारागीर, ना भूमिहीन. आपन मधातले."

लिलाव_बघ्या

पोट भरेल का या प्रश्नाला एक वेगळं उत्तर. गायतोंडे हे चित्रकार १९२४ साली नागपुरात जन्मले. रझांचं शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झालं. रझांचं एक चित्र २०२३ मध्ये ५१ कोटी ७५ लाखांना गेलं, हुसेन यांचं एक २०२५ मध्ये न्यूयॉर्कला शंभर कोटींच्या वर. हे चित्र खरं की नक्कल, आधी कोणाकडं होतं, काय किमतीचं, हे सांगणारी माणसं लागतात, आणि ती दोन्ही विषय शिकलेली लागतात. बाजार आहे.

रंगपेटी

बाजार आहे, पण तो मुंबई-दिल्लीत. आमच्या तालुक्यात कोटीचं चित्र सोडा, ऑइल पेंटच्या डब्याचे पैसे वसूल होत नाहीत.

शेंदूर_आणि_डबा

ऑइल पेंटवरून आठवलं. आमच्या गावी (मेहकरकडं) हेमाडपंती देवळाबाहेर चार-पाच जुन्या मूर्ती उघड्यावर ठेवलेल्या. श्रद्धेनं दरवर्षी त्यांना ऑइल पेंट लावतात. निळा देव, गुलाबी देवी. सहा-सात वर्षांमागं गाडी घेऊन एक शहरी माणूस आला, म्हणे ही बाजूची 'फुटकी' मूर्ती द्या, गावाच्या सभामंडपाला पैसे देतो. पंचायतीत दोघे-तिघे तयारपण झाले. आमच्या शाळेच्या गुरुजींनी अडवलं. त्यांनीच सांगितलं की शंभर वर्षांवरचं शिल्प देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे, अशा मूर्तींची नोंदणी व्हायला पाहिजे. मग गावात पहिल्यांदा प्रश्न निघाला, आपल्याकडं आहे तरी काय काय? कोणाकडं यादी नव्हती. फोटो नव्हते. गुरुजी निवृत्त झाले, यादी आजही नाही.

तुमची भाची पुढं काय करेल माहीत नाही. पण जिल्ह्यात अशी यादी करणारं एक तरी माणूस पाहिजे, आणि त्याला त्याचा पगार मिळाला पाहिजे. या दोन गोष्टी वेगळ्या शिकवतात म्हणूनच होत नाही असं मला वाटतं.

विटा_आणि_खापरं

@शेंदूर, तुमचं गाव कळवा विपुत (खात्यावरच्या निरोपात). फोटो काढायला मी येतो. पेट्रोल माझं.

तर्री_पोहा

घ्या, पेट्रोल माझं म्हणे! याच्यासाठीच व्यवस्थापन शिकायचं असते भाऊ.

कोसा_काठ

मोहाडीकडचा आहे. घरात तीन पिढ्या माग. आमच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालंय, काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून ते नाव. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत अडकवायचे, दोन माणसांचं काम. मानांकनाचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. पण ऑनलाइन बघा, यंत्रमागावरची साडी 'विदर्भ कोसा' (कोसा म्हणजे टसर रेशीम) म्हणून आमच्या अर्ध्या भावात. गिऱ्हाइकाला फरक दाखवायचा तर आधी स्वतःला शब्दांत सांगता आला पाहिजे. माझ्या बाबांना फरक बोटांनी कळतो, बोलता येत नाही. मला बोलता येतं पण जीएसटीचा फॉर्म भरायला साकोलीला जावं लागतं. एवढंच.

पडदा_वर

वडशाहून. कागदावर देसाईगंज, पण नाटकवाल्यांसाठी वडसाच.

मघापासून वाचून राहिलो आन् हसून राहिलो. बाप नाट्यमंडळाचा खजिनदार, आणि पोरीला सर्जनशील उद्योग इंग्लंडात सापडला! बांधीभाऊ, दिवाळी झाली की तिला घेऊन वडशाला या जी. नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं, बाहेर नाटकांचे रंगीत फलक, आत गावोगावचे मंडळवाले खुर्च्या अडवून. कोणतं नाटक, कोणती तारीख, विनोदी कोण, लावणीले कोण, किती घेणार. पुस्तकात याला वाटाघाटी म्हणत असतील. इथं चहावर होते.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाचा हा धानाचा पट्टा. धान कापून झालं, मंडई (दिवाळीनंतरची गावची जत्रा) सुरू झाली की होळीपर्यंत नाटकाचा हंगाम. गावात दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, पहाटेपर्यंत. पाहुणे मुक्कामाला, घरोघरी लग्नासारखी गर्दी. सरकारी नाट्यगृह नाही, लोक तिकीट काढून थंडीत बसतात. आमच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईवाल्यांनी विचारलं, झाडीपट्टी म्हणजे काय?

आता हिशेब. मंडळ कंपनीला ठोक रक्कम देते, विसार (आगाऊ रक्कम) आधी. मंडप, डेकोरेशन, जनरेटर, परवानगी, तिकीट छपाई सगळं मंडळाचं. वसुली तिकिटावर. अवकाळी पाऊस आला की मंडळ बुडालं. बाजूच्या गावानं त्याच रात्री नाटक लावलं की मंडळ बुडालं. २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा पटाबरोबर आमचे पाहुणे गेले, पाहुण्यांबरोबर तिकिटं गेली. डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळेपर्यंत मधात करोनाचा एक हंगाम अख्खा कोरडा.

आणि माझी स्वतःची फजिती. एका वर्षी एका कंपनीले विसार दिला, तारीख ठरली, मंडप उभा झाला. संध्याकाळी फोन, गाडी दुसऱ्या गावी गेली. तिथं जास्त मिळाले. माझ्याजवळ काय होतं? वहीच्या पानावर सही, तीपण कोणाची ते वाचता येईना. हजारभर लोक समोर. त्या रात्री गावच्या पोट्ट्यांनी खडी गंमत (आमच्याकडचा लोकनाट्याचा प्रकार) करून वेळ मारून नेली, नाही तर मी आज धागा वाचाले नसतो. मले जर कोणी एक पानाचा करार कसा लिहायचा ते शिकवलं असतं ना!

इतिहासाचं म्हणाल तर तेही सांगतो. माझा आजा दंडारीत (झाडीपट्टीतलं जुनं लोकनाट्य) पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, रस्ता, असे तीन पडदे. दोन कुठं गेले माहीत नाही. तिसरा बरेच वर्षं आमी धान झाकाले वापरला.

विटा_आणि_खापरं

धान झाकायला!

वत्सगुल्मी

@खापरं, शांत व्हा. निदान धान वाचलं.

आकडे_घातलेला_दगड

मी ती भाची. मामाच्या परवानगीनं नवीन खातं काढलं. आधी दोन दुरुस्त्या. मामांनी लिहिलंय की आजी लग्न म्हणते. आजी फक्त एकदाच म्हणाली होती, तेपण टीव्ही बघताना. आणि मी इंग्लंडला जाते असं कधी म्हटलंच नाही. मी अभ्यासक्रम दाखवला, कारण असे दोन विषय एकत्र असतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

मार्कंड्याला आम्ही दर महाशिवरात्रीला जातो. वैनगंगा तिथं उलटी, उत्तरेकडं वळते. लहानपणी मला फक्त जत्रा आठवायची. दहावीत असताना गेले तेव्हा मोठ्या देवळाचे दगड दुरुस्तीसाठी उतरवून ओळीनं ठेवलेले दिसले, त्यांच्यावर आकडे घातलेले. एका दगडावर नाचणारी बाई, पायाजवळ आकडा. मी बाबांना विचारलं, हे परत कसं लावणार? बाबा म्हणाले, ज्याच्याजवळ वही असेल त्याला माहीत. मला तेव्हापासून ती वही बघायची आहे. कोणता दगड कुठला हे ज्याला कळतं तो, आणि मजूर, पैसा, पावसाळा सांभाळून ते पूर्ण करून घेतो तो, ही दोन माणसं एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात ते मला शिकायचं आहे. हे सांगायला मला घरी जमलं नाही.

@रंगपेटी ताई, तुमचा प्रतिसाद मामांनी वाचला तेव्हा मी गप्प होते, कारण गावात माझ्याकडूनही मंडळाचे फलक फुकट लिहून घेतात. बाबाच घेतात.

@खापरं सर, ब्राह्मी शिकायला कुठून सुरू करू?

@पडदा_वर काका, तो तिसरा पडदा अजून आहे का?

धानाची_बांधी

मला हे काहीच माहीत नव्हतं. फलकाचं तर मुळीच नाही.

विटा_आणि_खापरं

ब्राह्मीचा तक्ता आणि सरावाची पानं विपुत पाठवतो. रोज पाच अक्षरं, महिन्याभरात वाचायला लागशील. आणि माझा आधीचा आक्षेप मी अर्धा मागं घेतो. अर्धाच. पदवीला कला-इतिहास किंवा इतिहास घे, दुसरं दूरस्थ कर. उलटं करू नकोस.

संगणकी_किडा

माझं मत तेच आहे, पण मुलगी हुशार आहे. इंग्रजी आणि एक्सेल आत्ताच पक्कं करून घे, कुठंही गेलीस तरी लागेल. सुट्टीत ऑनलाइन शिकवायला मी तयार आहे, फी नाही.

रंगपेटी

अगं, आधी बाबांना फलकाचं बिल दे! दर मी सांगते.

पडदा_वर

पडदा आहे. काल रात्रीच माडीवरून काढला. एक कोपरा उंदरानं खाल्ला, मधात पाण्याचे डाग. पण उजव्या बाजूनं राजवाड्याच्या तीन कमानी साफ दिसते, आणि खाली आज्यानं एक मांजर काढली आहे. राजवाड्यात मांजर काहून काढली ते आता कोणाले विचारू? ये पाहाले. मंडईच्या आधी ये, मग गर्दी होते. येताना बापाले पण आण, यंदाच्या तारखेचं बोलून घेऊ. या खेपेला करार कागदावर, तुझ्या अक्षरात.

कोसा_काठ

तो पडदा प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, दमट होईल. धुतलेल्या सुती कापडात, घडी न घालता, बांबूवर गुंडाळा. आम्ही जुन्या साड्या अशाच ठेवतो.

धानाची_बांधी

मंडळी, तूर्त ठरलं ते असं. यंदा जवळच्या कॉलेजात बी.ए., इतिहास घेऊन. सोबत मुक्त विद्यापीठातून व्यवस्थापन. बडोद्याच्या प्रवेशाची तयारी वर्षभर, पुढल्या साली अर्ज. ताई अजून नर्सिंगचा फॉर्म उशाशी ठेवून झोपते. आणि मंडळाची वही या हंगामात भाची लिहिणार. भाऊजींना ते फारसं आवडलेलं नाही.

त्यांनी एक प्रश्न मात्र विचारायला सांगितलाय. @वत्सगुल्मी, त्या वराहदेवानं लेण्यावर किती खर्च झाला ते लिहून ठेवलंय का?

वत्सगुल्मी

वंशावळ आहे, लेण्याचं वर्णन आहे, दान कोणाला दिलं ते आहे. खर्चाचा आकडा नाही.

धानाची_बांधी

सांगितलं. भाऊजी म्हणतात, "मंग तो खजिनदारच होता."